घरगुती डान्स पॅड पुन्हा पुन्हा बिघडतो: दोष पॅडमध्ये, तारेत की बोर्डात?

गाण्याच्या ठेक्यावर बाण पायांनी दाबत खेळायचा, घरी बनवलेला डान्स पॅड पहिले दोन दिवस झकास चालतो. मग डावा बाण अधूनमधून लागेनासा होतो. वरचा बाण पाय उचलला तरी दाबलेलाच राहतो. डावा-उजवा एकदम दाबायची उडी तर काहींच्या पॅडवर पहिल्या दिवसापासूनच लागत नसते. मग पॅड उघडायचा, फॉइल सारखी करायची, टेप मारायची, की पुन्हा दोन दिवस बरे जातात. दोष कुठे आहे हे न शोधता जिथे हात पोचतो तिथे डागडुजी झाली, की हे असंच चालत राहतं.

पॅड कसा आहे ते आधी ठरवून घेऊ. प्लायवुडचा तळ, त्यावर चार बाणांचे चार चौकोन, प्रत्येक साधारण २८ सेंटिमीटरचा. प्रत्येक चौकोनात विजेला वाट देणारे दोन थर, म्हणजे पत्रा, ॲल्युमिनियम फॉइल किंवा तांब्याची टेप, आणि त्या दोन थरांना वेगळं ठेवणारा फोम. पाय पडला की थर एकमेकांना टेकतात. चौकोनांकडून चार सिग्नलच्या तारा आणि एक सामाईक ग्राउंडची तार अशा पाच तारा निघतात आणि एका बोर्डात जातात. बोर्ड म्हणजे जुन्या गेमपॅडचं किंवा कीबोर्डचं सर्किट, तयार यूएसबी एन्कोडर (बटणांच्या तारा जोडून यूएसबीला लावायचा छोटा बोर्ड), नाहीतर लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो जातीचा आर्डुइनो, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड. कॉम्प्युटरवर स्टेपमेनिया हा नाचाचा खेळ किंवा तसाच एखादा.

सगळ्यात आधी: पॅड बाजूला काढा

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एक चाचणी करा. पॅडकडून येणाऱ्या पाचही तारा बोर्डापासून सोडवा. वायरचा एक छोटा तुकडा घ्या, एक टोक बोर्डाच्या ग्राउंडला धरा आणि दुसरं टोक एकेका सिग्नल पिनला टेकवा (बोर्डाला सामाईक ग्राउंड नसेल, जसं कीबोर्डच्या सर्किटात, तर त्या त्या कळेची दोन टोकं एकमेकांना टेकवा). कॉम्प्युटरवर विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत, किंवा खेळातल्या इनपुट तपासणीच्या पडद्यावर, ते ते बटण पेटायला हवं. एकेक झालं की दोन-दोन पिना एकदम टेकवा, विशेषतः डावा-उजवा आणि वर-खाली.

इथेच काही चुकलं तर तो दोष पॅडचा नाही. दोष बोर्डात, प्रोग्रॅममध्ये किंवा खेळाच्या सेटिंगमध्ये आहे आणि फोम बदलून काहीही होणार नाही. इथे सगळं चोख चाललं तर कॉम्प्युटरचा विषय संपला, आता पॅड आणि तारा पाहायच्या. दोन मिनिटांची ही चाचणी टाळून लोक आठवडे घालवतात.

दुसरी पायरी मल्टिमीटरची. बोर्डापासून सुटलेल्या तारांच्या टोकांवरच मीटर लावा, पॅड उघडू नका. एक काडी ग्राउंडच्या तारेला, दुसरी त्या बाणाच्या तारेला, मीटर रोध मोजण्यावर. पाय नसताना मीटरने ‘ओएल’ किंवा नुसता ‘१’ दाखवावा, म्हणजे वाट पूर्ण तुटलेली. पाय ठेवल्यावर दोन-चार ओहम. चौकोनाच्या मध्यावर, चारही कोपऱ्यांवर आणि कडेला, असं नऊ-दहा ठिकाणी दाबून पाहा. बीपवर विसंबू नका. बहुतेक मीटर तीस-पन्नास ओहमपर्यंत सरसकट बीप देतात, त्यामुळे खराब होत चाललेला संपर्क आवाजावरून कळत नाही. आकडा पाहा. दाब तोच ठेवूनही आकडा ५, ८०, ३००, पुन्हा १२ असा नाचत असेल तर संपर्काची जागा मळली आहे किंवा तारेचा सांधा ढिला आहे.

पाय नसतानाही काही हजार ओहम दिसले तर फोम किंवा प्लायवुड ओलसर झालं आहे. पुसून घेतलेल्या पॅडमध्ये हे हमखास दिसतं.

उडी लागत नाही

डावा एकटा लागतो, उजवा एकटा लागतो, दोन्ही एकदम दाबले की एकही लागत नाही किंवा एकच लागतो. हा संपर्काचा दोष नाही. बोर्ड दिशा ‘अक्ष’ म्हणून पाठवतो आहे, बटण म्हणून नाही. आडव्या अक्षावर डावं म्हणजे एक टोक आणि उजवं म्हणजे दुसरं टोक. दोन्ही दाबले की काही बोर्ड मधला शून्य पाठवतात, काही त्यातलं एक निवडतात. कॉम्प्युटरपर्यंत ‘दोन्ही दाबले’ ही बातमी पोचतच नाही, त्यामुळे खेळात कितीही सेटिंग फिरवली तरी उपयोग नाही. गेमपॅडवर बोट एका वेळी एकाच दिशेला जातं, म्हणून तिथे ही अडचण कधी दिसत नाही. पायांचं तसं नाही.

उपाय तारेचाच आहे. गेमपॅडचं सर्किट वापरलं असेल तर दिशांच्या जागी जोडलेल्या चार तारा काढून चार साध्या बटणांच्या जागी लावा, म्हणजे १, २, ३, ४ क्रमांकाची बटणं. तयार यूएसबी एन्कोडरवर जॉयस्टिकसाठी एक पाच पिनांचं सॉकेट असतं आणि बटणांसाठी दोन-दोन पिनांची बरीच सॉकेटं असतात. ‘चार दिशा आणि एक ग्राउंड, म्हणजे आपल्या पाच तारा बरोबर बसतात’ असा विचार करून पाच पिनांचं सॉकेट वापरलं जातं. तिथेच गफलत होते. बटणांची सॉकेटं वापरा. त्याच बोर्डांवर टर्बो आणि ऑटोची सॉकेटंही शेजारीच असतात. चुकून त्यात प्लग गेला तर एकदा दाबलेला बाण सेकंदाला कित्येक वेळा लागल्यासारखा होतो आणि माणूस संपर्काला दोष देत बसतो.

आर्डुइनोवर जॉयस्टिकची लायब्ररी वापरली असेल तर प्रोग्रॅममध्ये चार बाणांना चार बटणं द्या. अक्ष आणि हॅट स्विच (दिशा पाठवायचा दुसरा प्रकार) दोन्ही बंद ठेवा.

जुन्या कीबोर्डचं सर्किट असेल तर उडीचा दोष वेगळ्या कारणाने येतो. कीबोर्डच्या कळा ओळी आणि स्तंभांच्या जाळीत बसवलेल्या असतात. जाळीतल्या चौकटीचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथी कळही दाबल्यासारखी दिसते, म्हणून बरेच कीबोर्ड अशा वेळी तिसरी कळ सरळ गाळून टाकतात. पॅड जोडण्याआधीच, कीबोर्ड शाबूत असताना, एखाद्या मजकुराच्या खिडकीत चार उमेदवार कळा एकदम दाबून पाहा. दोन-दोनच्या सगळ्या सहा जोड्या आणि तीन-तीनच्या चारही जोड्या उमटल्या पाहिजेत. स्वतंत्र ओळीतल्या आणि स्वतंत्र स्तंभातल्या चार कळा निवडल्या की प्रश्न मिटतो.

जाळीचं आणखी एक दुखणं पॅडच्या बांधणीत उतरतं. चारही चौकोनांखाली एकच सलग पत्रा ग्राउंड म्हणून ठेवला असेल, तर बोर्डालाही सगळ्या बटणांची एक बाजू सामाईक असावी लागते. तशी ती आहे का हे मीटरने पाहा. एक काडी यूएसबीच्या काळ्या तारेला, दुसरी एकेका बटणाच्या दोन्ही टोकांना. प्रत्येक बटणाच्या एका टोकाला बीप आला तर ग्राउंड सामाईक आहे. आला नाही तर बोर्ड जाळीचा आहे आणि सलग पत्रा चालणार नाही. एक बाण दाबला की दुसराच लागतो याचं हे नेहमीचं कारण. अशा बोर्डाला प्रत्येक चौकोनातून स्वतःच्या दोन तारा न्याव्या लागतात, म्हणजे एकूण आठ.

बाण अधूनमधून चुकतो

बहुसंख्य तक्रारी या गटातल्या असतात, आणि कारण जवळजवळ नेहमी यांत्रिक असतं.

ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. तो थर वीज नेत नाही. नवी फॉइल एकमेकांवर जोरात आपटते तेव्हा तो थर फुटतो आणि संपर्क होतो. पण तारेच्या सांध्यात आपटाआपटी नसते, तिथे तो थर तसाच राहतो. फॉइलवर तार ठेवून वर टेप चिकटवली असेल तर तो सांधा काही दिवसांत जाणारच. ॲल्युमिनियमला साध्या सोल्डरचा डागही बसत नाही. बसल्यासारखा दिसला तरी नखाने निघतो.

सांधा असा करा. फॉइल कडेला तीन-चार पदरी दुमडा. तिथून ३ मिमीचा स्क्रू किंवा बोल्ट काढा. क्रम असा: बोल्टचं डोकं, वॉशर, फॉइलचे पदर, वॉशर, तारेला क्रिंप केलेला गोल लग (तारेच्या टोकावर दाबून बसवलेली धातूची कडी), दातेरी वॉशर, नट. लग कल्हई केलेला घ्या. उघडं तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले आणि हवेत दमटपणा असला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आवळण्याआधी दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरने घासा आणि लगेच आवळा. पत्र्याचा पॅड असेल तरी हाच सांधा. रंगवलेल्या किंवा लॅकर मारलेल्या पत्र्याचा रंग सांध्याखाली खरवडून काढावा लागतो, हे लिहायची गरज नसावी, पण तिथेही चुकतं.

तांब्याच्या टेपला डाग छान बसतो. तिची अडचण दुसरी आहे. टेपची एक पट्टी दुसरीवर चिकटवली की दोन्हींमध्ये डिंकाचा थर राहतो, आणि बऱ्याच टेपांचा डिंक वीज नेत नाही. प्रत्येक जोडावर पट्ट्यांच्या कडांना सोल्डरचा डाग द्या. एखाद्या चौकोनाचा अर्धा भागच मेलेला असेल तर आधी हाच जोड तपासा.

फॉइलबद्दल स्पष्ट मत: ती प्रयोगापुरती ठीक. पाय घसरतो तिथे ती चुरगळते, चुरगळली की भेगा पडतात, आणि भेगेपलीकडचा तुकडा सुटा पडतो. रोज खेळायचं असेल तर अर्धा मिमी जाडीचा जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरा. कडा कानशीने घासून बोथट करा, नाहीतर पायाआधी तारेचं इन्सुलेशन कापलं जाईल.

आता थोडं आतलं. आर्डुइनोच्या पिनेवर आतला पुलअप, म्हणजे बाण दाबलेला नसताना पिनेला पुरवठ्याच्या व्होल्टकडे ओढून धरणारा रोधक, चालू केला की तो २० ते ५० हजार ओहमचा असतो. पाच व्होल्टवर संपर्कातून वाहणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरपेक्षा जास्त नसतो. इतक्या क्षीण प्रवाहाला मळलेला पृष्ठभाग पार करणं जड जातं. प्रत्येक सिग्नल पिन आणि बोर्डाचा व्हीसीसी (वीजपुरवठ्याची पिन) यांच्यामध्ये २.२ हजार ओहमचा रोधक लावला की प्रवाह दोन मिलिअँपिअरच्या वर जातो आणि संपर्क बराच भरवशाचा होतो. मात्र याला दुसरी बाजू आहे. आतल्या पुलअपसह दोन-तीन हजार ओहमचा खराब संपर्कही बोर्ड ‘दाबलं’ असा वाचतो. २.२ हजारांचा रोधक लावल्यावर संपर्क चार-पाचशे ओहमच्या आत असावा लागतो. म्हणून आधी घासूनपुसून मीटरचा आकडा खाली आणा, मग रोधक लावा. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर रोधक ३.३ व्होल्टलाच जोडा, यूएसबीच्या पाच व्होल्टला नाही.

तारेचंही बोलायला हवं. एकसंध तांब्याची जाड तार भिंतीत चालते, पायाखाली नाही. पॅड प्रत्येक पावलाला किंचित वाकतो आणि ती तार लगाशी मोडते. इन्सुलेशन शाबूत दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. २२ ते २४ गेजची, बारीक तारांचे पदर असलेली लवचीक वायर घ्या. लगापासून ३-४ सेंटिमीटरवर तार प्लायवुडला क्लिपने पक्की करा, म्हणजे हिसका सांध्यापर्यंत जात नाही. तळाला पटाशीने ५ मिमी खोल खाच मारून तारा त्यात बसवल्या तर त्या चेपल्याही जात नाहीत.

दोन किंवा तीन बाण एकदम मेले, तर फोमकडे पाहूसुद्धा नका. ग्राउंडची तार एका चौकोनातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी नेलेली असणार आणि मध्ये कुठेतरी तुटलेली असणार. जिवंत शेवटचा चौकोन आणि मेलेला पहिला चौकोन यांच्यामध्ये शोधा. पुन्हा जोडताना प्रत्येक चौकोनाचा ग्राउंड स्वतंत्र तारेने एका सामाईक बोल्टवर आणा.

बाण दाबलेलाच राहतो

पाय उचलल्यावर मीटरचा आकडा परत ‘ओएल’वर जायला हवा, आणि तोही लगेच. रेंगाळत असेल तर फोम दमला आहे. मऊ फोम सतत दाबला की कायमचा बसतो. ५ मिमीचा फोम काही आठवड्यांत २ मिमीचा होतो आणि मग वरच्या पत्र्याला जरा बाक आला की थर टेकलेलेच राहतात. दारे-खिडक्यांच्या फटींना लावायची बंद पेशींची फोमपट्टी जास्त टिकते. ३ मिमी जाड, १० ते १२ मिमी रुंद पट्टी चौकोनाच्या चारही कडांना लावा. थरांमध्ये मोकळी फट साधारण दीड मिमी राहील असं पाहा. फट जास्त ठेवली की अडकण्याचा दोष जातो, पण कडेला पडलेलं पाऊल लागत नाही. दोन्ही दोष एकाच फटीची दोन टोकं आहेत, त्यामुळे एक घालवताना दुसरा येतो का ते त्याच बैठकीत तपासा.

फॉइलच्या पॅडमध्ये नुसत्या कडेच्या पट्ट्या पुरत नाहीत. तिथे अख्खा फोमचा तक्ता घेऊन त्याला २ ते ३ सेंटिमीटर व्यासाची भोकं पाडतात, दोन भोकांच्या केंद्रांत ४ ते ५ सेंटिमीटर अंतर ठेवून. भोकं कापताना फोमचा चुरा आणि फॉइलचे कपटे आत राहतात. एक कपटा बाण कायमचा अडकवायला पुरतो.

स्क्रूही तपासा. वरचा पत्रा स्क्रूने आवळून ठेवला असेल तर स्क्रूच वरचा आणि खालचा थर जोडत असतो. भोक मोठं करून प्लॅस्टिकची बुशिंग घाला. आणि पत्रा मध्ये खोलगट झाला असेल तर तो उलटा बसवा. थोडे दिवस निघतात.

पाय नसताना बाण आपोआप लागतो

मीटर ‘ओएल’ म्हणतो, पण पडद्यावर बटण फडफडतं. पिनेला पुलअप नाही. हवेत लोंबकळणारी पिन आणि तिला जोडलेली दोन मीटर तार म्हणजे अँटेनाच. घरातल्या विजेची गुणगुण, जवळून गेलेला हात, काहीही पुरतं. आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये पिन ‘इनपुट’ लिहिली असेल तर ‘इनपुट पुलअप’ करा आणि दाबलेलं म्हणजे ‘लो’ (शून्य व्होल्ट) असं वाचा. ज्या पिनेवर बोर्डाचा स्वतःचा दिवा आहे, साधारणपणे १३ क्रमांकाची, ती टाळा.

पुलअप असूनही फडफड असेल तर सिग्नल पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, बोर्डाच्या अगदी जवळ. २.२ हजारांच्या रोधकासोबत त्याने येणारा उशीर पाव मिलिसेकंदाच्या आसपास असतो, खेळताना जाणवत नाही.

कोरड्या हवेत, मोजे घालून खेळताना अचानक सगळे बाण गोठतात किंवा यूएसबी सुटून पुन्हा जोडल्याचा आवाज येतो. ही अंगावरची स्थिर वीज. वरचा थर सिग्नलला आणि खालचा ग्राउंडला जोडला असेल तर ती ठिणगी थेट चिपच्या पिनेत जाते. उलट करा: पायाकडचा थर ग्राउंड, आतला थर सिग्नल. शिवाय प्रत्येक सिग्नल तारेत, पिनेजवळ, १०० ओहमचा रोधक टाका. मात्र पायाकडचा पत्रा उघडा ठेवू नका. लॅपटॉपचा ॲडॅप्टर अर्थिंगशिवायचा असेल तर यूएसबीच्या ग्राउंडवर थोडी गळती असते आणि अनवाणी पायाला झिणझिण्या येतात. वर ॲक्रिलिक किंवा व्हिनाइलचा थर हवाच.

एक पाऊल, दोन नोंदी

पत्रा पत्र्यावर पडतो तेव्हा तो काही मिलिसेकंद थरथरतो. बोर्डाला ती थरथर म्हणजे अनेक वेळा दाबणं वाटतं. प्रोग्रॅममध्ये यावर दोन प्रकारचे इलाज लिहितात आणि त्यातला एकच नाचासाठी बरा. पहिला प्रकार ‘थरथर थांबेपर्यंत वाट पाहा, मग कळवा’. यात प्रत्येक पाऊल उशिरा पोचतं, आणि थरथर कमी-जास्त असल्यामुळे उशीरही कमी-जास्त होतो. स्टेपमेनियात सर्वोत्तम गुण मिळायची मुदत मुळात ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे २२.५ मिलिसेकंदांची असते. २० मिलिसेकंद वाट पाहण्यात ती जवळजवळ संपली.

दुसरा प्रकार: पहिला स्पर्श दिसताच लगेच कळवा, आणि पुढचे १५ ते २० मिलिसेकंद त्या बाणाकडे पाहूच नका. हाच वापरा. मिनिटाला १५० ठोक्यांच्या गाण्यात, ठोक्याला चार पावलं पडली तरी दोन पावलांत १०० मिलिसेकंद असतात, त्यामुळे २० मिलिसेकंदांत खरं पाऊल गाळलं जात नाही. आधी १० ठेवून पाहा. दुहेरी नोंदी दिसल्या तरच वाढवा. ५० लागत असतील तर दोष प्रोग्रॅममध्ये नाही, पत्रा कुठेतरी सैल वाजतो आहे.

तयार एन्कोडर किंवा गेमपॅडचं सर्किट असेल तर त्यातला प्रोग्रॅम आपल्या हातात नसतो. मग स्टेपमेनियाच्या प्रेफरन्सेसच्या फाइलीत ‘इनपुट डिबाउन्स टाइम’ (थरथर गाळायचा वेळ) असा आकडा आहे. तो मुळात शून्य असतो. तिथे सेकंदात लिहायचं, म्हणजे १५ मिलिसेकंदांसाठी ०.०१५. खेळ बंद असताना फाइल बदला, नाहीतर बाहेर पडताना खेळ ती पुन्हा लिहून टाकतो.

धरून ठेवलेला बाण सुटतो

लांब शेपटीचा बाण मध्येच तुटला तर लोक हाही थरथरीचा दोष समजतात. तसा तो सहसा नसतो. स्टेपमेनिया धरलेल्या बाणाला मुळातच सुमारे पाव सेकंदाची सवलत देतो. म्हणजे संपर्क पाव सेकंदापेक्षा जास्त वेळ गेलेला असतो. मीटर लावून, पाय धरून, शरीराचं वजन हळूहळू दुसऱ्या पायावर न्या. आकडा कुठल्या क्षणी उडतो ते दिसेल. बहुधा टाचेचा भार गेल्यावर पत्रा वर येतो. फट कमी करा, किंवा खालच्या थरावर मध्यभागी फॉइलची दोन-तीन पदरी पट्टी चिकटवून तो थोडा उंच करा. पट्टी खालच्या थराला विजेनेही जोडलेली असू द्या. डिंकावर तरंगती राहिली तर उलटा परिणाम होतो.

पिझोच्या चकत्या सेन्सर म्हणून वापरल्या असतील तर ही खटपट व्यर्थ आहे. पिझो आघाताला वीज देतो, स्थिर दाबाला नाही. त्याने पाऊल लागेल, पण धरलेला बाण धरला जाणार नाही. दाबाप्रमाणे रोध बदलणारे सेन्सर, किंवा साधा पत्रा, हेच पर्याय उरतात.

यूएसबी सुटतो, बोर्ड ओळखला जात नाही

आर्डुइनो ऊनो (आर३ पर्यंतचा) घेतला असेल तर तो मुळात कीबोर्ड किंवा जॉयस्टिक म्हणून दिसणारच नाही. त्याच्या मुख्य चिपला स्वतःचा यूएसबी नाही. ३२यू४ चिप असलेला लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो लागतो. प्रो मायक्रोचं मायक्रो यूएसबी सॉकेट पायाच्या एका हिसक्याने बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांसकट उखडतं. बोर्ड डबीत ठेवा, केबल डबीला टायने बांधा आणि सॉकेटवर कुठलाही ताण येऊ देऊ नका. केबल पाच मीटरपेक्षा लांब नको. अंतर वाढवायचंच असेल तर यूएसबीऐवजी पॅडच्या पाच तारा लांबवा.

कीबोर्ड म्हणून चालणारा प्रोग्रॅम टाकला असेल तर त्यात एक सुटका ठेवा: ठरावीक पिन ग्राउंडला जोडली असेल तरच कळा पाठवायच्या. एखादा बाण अडकला तर बोर्ड अखंड कळा टाइप करत राहतो आणि प्रोग्रॅम बदलायलाही कॉम्प्युटर हाताशी राहत नाही. तसं झालंच, तर प्रो मायक्रोच्या रिसेटची पिन ग्राउंडला झटपट दोनदा टेकवा. साधारण आठ सेकंद बूटलोडर (नवा प्रोग्रॅम स्वीकारणारा भाग) उघडा राहतो, तेवढ्यात नवा प्रोग्रॅम चढवायचा.

सगळे बाण सारखेच उशिरा

आधी स्क्रीन तपासा. टीव्ही असेल तर त्याचा गेम मोड चालू करा. मग खेळातला ग्लोबल ऑफसेट, म्हणजे गाणं आणि पावलांच्या नोंदीतलं वेळेचं अंतर, जुळवा. आर्डुइनोच्या लूपमध्ये चाचणीसाठी टाकलेली सिरियलवर छापणारी ओळ आणि डिलेची ओळ राहून गेलेली असते, ती काढा.

बाणांची अदलाबदल

वर दाबला की खाली लागतो. तारा बदलण्यापेक्षा खेळातल्या की-जॉय मॅपिंगच्या पडद्यावर बटणं नव्याने नेमणं सोपं. काल जमलेलं आज विस्कटलं असेल तर दुसरा गेमपॅड जोडलेला आहे का पाहा. तो पहिला मोजला गेला की आपला पॅड ‘जॉय १’ चा ‘जॉय २’ होतो आणि जुनी नेमणूक त्याला लागू होत नाही. तो गेमपॅड काढा, पॅड नेहमीच्याच यूएसबी पोर्टमध्ये लावा आणि खेळ पुन्हा सुरू करा.